अपयशानंतरचा उद्योग : लोखंडी नांगर आणि वरूडची संत्राबाग

वरूड तालुक्यातील शेतकरी संत्र्याची बाग लावतो, तेव्हा त्या एका निर्णयाने तो स्वतःस किमान पाच-सहा वर्षे बांधून घेतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली कलमे शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांतून येतात, पावसाळ्यात लावली जातात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापासून विक्रीजोगे फळ मिळत नाही. तोवर खत, पाणी, राखण व मजुरी यांचा खर्च अखंड चालू राहतो. कोवळ्या बागेत आंतरपीक घेऊन त्यातील काही भाग भरून निघतो, इतकेच. कपाशी पेरणाऱ्याचा निर्णय बरा की वाईट हे एका हंगामात ठरते. संत्रा लावणाऱ्याचे माप पदरात पडण्यास जवळजवळ एक तप जावे लागते. या मधल्या काळात ज्या शेजाऱ्याची बाग डिंक्याने वा पाण्यावाचून गेली त्याचे उदाहरण गावात रोज सांगितले जाते. आणि ते उदाहरण खोटे नसते, ही या प्रश्नातील खरी अडचण होय.

अपयश पचवून आणि संशयितांकडे दुर्लक्ष करून उद्योगात टिकून राहणे हा उद्योजकाचा मुख्य गुण म्हणून सांगण्याची प्रथा आहे. चरित्रग्रंथ, गौरवपर भाषणे आणि उद्योजकता-विकासाचे अभ्यासवर्ग या सर्वांत हे सूत्र सारखेच आढळते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि या सूत्रामागे दोन गृहीतके दडलेली असतात: संशय घेणारा नेहमी चुकलेला असतो हे एक, आणि टिकून राहणे ही केवळ मनोधैर्याची बाब आहे हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके कितपत टिकतात हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक सुपरिचित प्रकरण आणि वरूडच्या बागाईतीची आजची स्थिती ही एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. उद्योजक म्हणजे कारखानदार, हा अर्थ बराच अलीकडचा आहे. रिशार कान्तीयाँ याचा व्यापारविषयक निबंध १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निश्चित किमतीला घेऊन अनिश्चित किमतीला विकणारा तो उद्योजक, अशी कल्पना मांडलेली आहे, आणि या वर्गात त्याने शेतकऱ्याची गणना स्पष्टपणे केली आहे. खंड, मजुरी व बियाणे यांचा भाव शेतकऱ्याला आधीच ठाऊक असतो. पिकाचा भाव ठाऊक नसतो. या दृष्टीने वरूडचा संत्रा-बागाईतदार हा उद्योजक या संज्ञेच्या अगदी मूळ अर्थात बसतो. त्याला शेतकरी म्हणून दयेचा आणि कारखानदाराला उद्योजक म्हणून कौतुकाचा विषय करण्याची जी सवय पडली आहे, तिला शास्त्राचा आधार नाही.

फ्रँक नाइट यांनी १९२१ च्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत केलेला भेद येथे कामाचा आहे. ज्या संकटाची संभाव्यता मोजता येते त्याचा विमा उतरता येतो. ज्याची मोजता येत नाही ते उद्योजकाला स्वतःच्या अंदाजावर सोसावे लागते, आणि नफा हा त्या सोसण्याचा मोबदला असतो. जोसेफ शुम्पीटर यांचे मत याहून निराळे होते. त्यांच्या आर्थिक विकासाच्या सिद्धान्तात (जर्मन आवृत्ती १९११, इंग्रजी १९३४) उद्योजकाचे कार्य नवे संयोग घडवून आणणे हे असून जोखीम मात्र भांडवल पुरवणाऱ्याच्या माथी असते. उद्योजक ती सोसत असेल तर उद्योजक या नात्याने नव्हे, तर स्वतःचेच भांडवल घातले आहे म्हणून. त्याच ग्रंथात त्यांनी नव्या मार्गाने जाणाऱ्याच्या तीन अडचणी सांगितल्या आहेत. नेहमीच्या व्यवहाराबाहेर पडताच पुरेशी माहिती हाती नसते. स्वतःचेच मन जुन्या वाटेकडे ओढ घेते. आणि समाज नवे करणाऱ्यास विरोध करतो. संशय बाहेरचाच असतो असे नाही, तो आतलाही असतो, ही गोष्ट शुम्पीटर यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. गौरवपर चरित्रांतून मात्र ती बहुधा सुटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे प्रकरण महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; पण ते ज्या रीतीने ठाऊक असते ती रीत दिशाभूल करणारी आहे. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांतील भेद ओळखण्यात डोळ्यांचा दोष आड आल्याने चित्रकार होण्याची वाट बंद झाली. ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांनी यंत्रांचे ज्ञान मिळवले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. दरम्यान बेळगाव येथे वडीलबंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान निघाले होते. सायकल विकायची आणि ती चालवण्यास शिकवण्याची वेगळी फी घ्यायची, असा तो व्यवसाय होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर या वस्तू बनू लागल्या.

हा नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे चरित्रकार सांगतात. या समजुतीचा उल्लेख सामान्यतः अडाणीपणाचा नमुना म्हणून केला जातो. वस्तुतः शेतकऱ्याच्या नकाराकडे त्याच्या ताळेबंदाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने खळ्यावर धान्यात दिला जाई. नांगर मोडला तर तोच सुतार तो दुरुस्त करी. फाळ बोथट झाला तर लोहार तो भट्टीत तापवून ठोकून देई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे. शिवाय बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग एकदा तडकला की गावच्या लोहाराला तो ठोकून सांधता येत नाही; बीड ठोकले की फुटते. तेव्हा ऐन नांगरटीत भाग मोडला आणि नवा भाग दूरच्या गावाहून येईपर्यंत वाफसा गेला, तर संपूर्ण हंगाम हातचा जाणार. ‘जमीन विषारी होईल’ या शब्दांत मांडलेल्या नकाराच्या पोटात हा हिशेब असणे अगदी संभवनीय आहे. माणसे आपली कारणे नेहमीच अर्थशास्त्राच्या भाषेत मांडत नाहीत.

दुसऱ्या बाजूने, त्या नांगरात खरा गुणही होता. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगराचे पाते ती उलटवते. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात आणि ती उलटवून उन्हात तापवल्याखेरीज मरत नाहीत. ज्या शेतात एकदा लोखंडी नांगर फिरला त्या शेतातील पुढच्या हंगामातील तणाचे प्रमाण शेजाऱ्याला बांधावरून दिसत असे. संशयाचे निराकरण युक्तिवादाने झाले नाही, ते बांधावरून दिसणाऱ्या फरकाने झाले. आणि त्याला वेळ लागणे अपरिहार्य होते, कारण शेतीत एक प्रयोग म्हणजे एक वर्ष. म्हणून प्रश्न असा विचारावयास हवा की, ती दोन वर्षे किर्लोस्करांचा कारखाना जगला कसा?

या प्रश्नाचे उत्तर चरित्रांत असते, पण कोपऱ्यात असते. सायकलींचा आणि कडबा-यंत्राचा व्यवसाय पायाखाली होता. नांगर हे एकमेव उत्पादन असते तर तो गुणी असूनही कारखाना त्याच्यासह बुडाला असता. पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्यास लावल्यामुळे कारखाना उठवावा लागला, तेव्हा औंध येथील देवालयाच्या सभामंडपाचे बांधकाम हाती आले. ते संपत असताना औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेल्वेचे स्थानक जवळ असणे ही बाब कर्जाइतकीच महत्त्वाची होती, कारण लोखंड आणि कोळसा आणणे आणि नांगर पाठवणे हे सर्व त्या रुळांवरून व्हावयाचे होते. बँका त्या काळी अशा धंद्याला कर्ज देत नसत. ज्याच्यापाशी तारण नाही आणि ज्याच्या मालाला अद्याप बाजार नाही, त्याला व्यापारी बँकेने कर्ज द्यावे तरी कशाच्या भरवशावर? येथे शुम्पीटर यांचा मुद्दा नेमका लागू पडतो. उद्योजकाचे धैर्य टिकले ते अपयशाचा भार उचलणारा दुसरा कोणी होता म्हणून. याच औंध संस्थानाच्या आश्रयाने कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखानाही उभा राहिला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. एका लहानशा संस्थानाच्या हद्दीत असे दोन उद्योग रुजले, याचे स्पष्टीकरण तेथील माणसांचे मन इतरांहून खंबीर होते, या विधानाने होत नाही.

माणसांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माळरानावर तंबू ठोकून राहण्यास आलेल्या पहिल्या मंडळींत व्यवस्था पाहणारे रामुअण्णा, शंभूराव जांभेकर आणि मंगेशराव रेगे यांसारखे सहकारी होते, आणि रात्रीच्या राखणीसाठी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमण्यात आली होती, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या समाजात एकदा ठपका बसला की तो जन्मभर पुसत नाही, तेथे एका माणसाने दुसऱ्याच्या मागील अपयशाकडे, मग ते व्यापारातील असो वा वर्तनातील, निराळ्या नजरेने पाहिले, याचा या विषयाशी आडून संबंध आहे. मराठीत ‘दिवाळे’ हा शब्द दिव्यावरून आला असे सांगितले जाते: कर्ज फेडता न येणारा सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ते जाहीर करी. हा दिवा विझवण्याची रीत मात्र परंपरेने सांगितलेली नाही. कायद्याने नादारीतून मोकळे होण्याची वाट फार उशिरा घालून दिली. प्रांतिक नादारी अधिनियम १९२० चा आणि कंपन्यांच्या दिवाळखोरीची आजची संहिता २०१६ ची. पहिल्या अपयशानंतर दुसरा प्रयत्न करता येतो की नाही, हे बहुधा धैर्यावर नव्हे, तर पहिल्या प्रयत्नाचे कर्ज कोठपर्यंत पाठलाग करते यावर ठरते. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचा मालक आणि सातबारा गहाण ठेवलेला शेतकरी यांचे अपयश एकाच नावाने ओळखले जात असले तरी ते एकच नसते.

अपयश माणसाला शिकवते, हे विधान पारखून पाहण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. पॉल गॉम्पर्स, अॅना कोव्हनर, जॉश लर्नर आणि डेव्हिड शार्फस्टाइन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील साहस-भांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांची तुलना केली. पूर्वी यशस्वी झालेल्या संस्थापकाचा पुढचा उपक्रम यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, प्रथमच उतरणाऱ्याची सुमारे १८ टक्के, आणि पूर्वी अपयशी ठरलेल्याची सुमारे २० टक्के आढळली. म्हणजे अपयश आलेला मनुष्य नवशिक्यापेक्षा किंचित पुढे असतो, पण किंचितच. अपयश आपोआप ज्ञान देत नाही. ज्याने ते का आले हे शोधले त्यालाच ते काही देते. हे निष्कर्ष परदेशी भांडवलबाजाराविषयीचे असल्याने ते जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत, पण ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे सुभाषित फळ्यावर लिहिण्यापूर्वी ते विचारात घेणे बरे.

डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या संशोधनाकडेही या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगे आहे. १९६१ च्या ग्रंथात त्यांनी सिद्धिप्रेरणेची कल्पना विस्ताराने मांडली आणि १९६४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणाचा प्रयोग आरंभला; भारतातील उद्योजकता-प्रशिक्षणाचा बराच भाग त्याच मुळातून वाढला आहे. त्यांच्या कड्या फेकण्याच्या खेळात प्रबळ सिद्धिप्रेरणा असलेली माणसे खुंटीच्या अगदी जवळ उभी राहत नसत आणि फार लांबही जात नसत. जेथे यशाची शक्यता मध्यम आणि ती स्वतःच्या कौशल्यावर अवलंबून, असे अंतर ती निवडीत. ही गोष्ट बारकाईने पाहिली तर टिकून राहण्याची जी लोकप्रिय प्रतिमा आहे, सर्व काही पणाला लावणाऱ्या जुगाऱ्याची, ती उद्योजकाची नव्हेच. चिकाटी आणि जुगार यांचा संभ्रम प्रशिक्षणवर्गांतून अजून पुरता गेलेला दिसत नाही.

वालचंद हिराचंद यांचे उदाहरण येथे थोडक्यात घेता येईल. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीपुढे ही कंपनी तग धरेल असे मानणारे थोडे होते. दरयुद्ध झाले. १९२३ च्या कराराने सिंदिया कंपनीने दहा वर्षांसाठी स्वतःला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित करून घेतले. समकालीन टीकाकारांना ही माघार वाटली. पण कंपनी जगली, आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. उद्दिष्ट कायम ठेवून वाट सोडणे हेही टिकून राहणेच होय.

आता वरूडकडे. नागपुरी संत्रा भोसल्यांच्या काळात या प्रदेशात आला अशी परंपरा आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात तो इतका रुजला की या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि नरखेड-अमरावती लोहमार्गावरील स्थानकाचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे आहे. या बागाईतीमागे सुद्धा एक तांत्रिक क्रांती आहे. मोटेने फार मोठी बाग भिजवता येत नसे. विहिरीवर तेलाचे एंजिन आणि पुढे विजेचा पंप बसला तेव्हा बागांचा विस्तार झाला. किर्लोस्करांचा उद्योग नांगरावरून पंपांकडे आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीद्वारे तेलाच्या एंजिनांकडे गेला, हे लक्षात घेता या दोन प्रकरणांचा धागा वाटतो तितका दूरचा नाही.

संत्र्याच्या बागेतील अनिश्चितता विचित्र स्वरूपाची आहे. झाडाला विश्रांती देऊन एकदम फुलवण्यासाठी पाणी तोडावे लागते. त्याला ताण देणे म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबरपासून तोडणीस येतो. पावसाच्या प्रारंभी फुलणारा मृग बहार पुढील फेब्रुवारी ते एप्रिलात. ताण थोडा कमी पडला तर फूल विखुरते. जास्त झाला तर झाड खचते. त्यानंतर फळगळ, कोळशी, गारपीट. या अनिश्चिततेपैकी काही भाग बागाईतदार दुसऱ्यावर ढकलतो: फळ झाडावर असतानाच व्यापारी उभ्या बागेचा सौदा करतो, इसार देतो, आणि तोडणी व वाहतूक पाहतो. भाव चढला तर लाभ व्यापाऱ्याचा. तो पडला तर मात्र उरलेली रक्कम मिळवताना बागाईतदाराची दमछाक होते. औंधच्या अधिपतीने जो भार उचलला तो येथे कोणी उचलीत नाही. तो अर्धवट विकला जातो, आणि तोही अशा करारावर की संकटात तो परत विकणाऱ्याच्याच अंगावर यावा. कापसाच्या व्यापारात वऱ्हाडाने १८९७ सालीच बाजाराचा कायदा पाहिला. संत्र्याचा सौदा मात्र बांधावरच होत आला.

संत्र्यावर प्रक्रिया करणारा कारखाना निघाला तर हे सारे बदलेल, ही आशा विदर्भात फार जुनी आहे, आणि असे प्रयत्न वारंवार अडखळले आहेत. प्रत्येक अपयशानंतर दोष संचालकांच्या नाकर्तेपणावर वा शासनाच्या उदासीनतेवर ठेवला जातो. काही ठिकाणी तो खराही असेल. तथापि अडचणीचे मूळ फळात आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यानंतर काही वेळाने कडू होतो: फळात जो चवहीन पूर्वगामी पदार्थ असतो त्याचे रसाच्या आम्लात लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि हा लिमोनिन अल्प प्रमाणातही कडवट लागतो. ताजे फळ खाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. फळात बिया असतात, आणि त्या भरडल्या गेल्या की कडवटपणात भर पडते. शिवाय सैल सालीचे, सहज सोलता येणारे हे फळ खाण्यासाठी उत्तम, म्हणून त्याचा खाण्याचा भाव रसाच्या भावापेक्षा वर राहतो. कारखान्याच्या वाट्याला ‘चुरी’, म्हणजे लहान व डागाळलेले फळ येते. ते ज्या वर्षी पीक अमाप असेल त्या वर्षी ढिगाने येते आणि ज्या वर्षी पीक कमी असेल त्या वर्षी येतच नाही. दोन बहारांमधील महिने यंत्रे बंद आणि व्याज चालू.

ब्राझीलचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. तेथील साओ पावलो राज्यात रसाचा उद्योग वाढला तो फ्लॉरिडात १९६२ च्या डिसेंबरात पडलेल्या हिमाने तेथील बागा उद्ध्वस्त होऊन जगात रसाची टंचाई झाल्यानंतर. आणि त्या उद्योगाचे फळ संत्रा नव्हे, मोसंबीच्या जातीचे गोड, घट्ट सालीचे फळ आहे. तेथे बागा कारखान्यासाठी लावल्या गेल्या. विदर्भात बागा खाण्याच्या फळासाठी लावल्या गेल्या आणि कारखान्याने त्यांच्या मागून यावे अशी अपेक्षा राहिली. हा भेद ओळखला नाही तर चौथा कारखाना पहिल्या तिघांच्याच मार्गाने जाईल आणि त्याचे प्रवर्तक कितीही चिवट असले तरी फरक पडणार नाही. येथे संशय घेणारा वृद्ध बागाईतदार, ज्याने ‘आपल्या संत्र्याचा रस टिकत नाही’ असे साध्या शब्दांत सांगितले, तो लोखंडी नांगराला विषारी म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी उभा नाही. तो रसायनशास्त्रज्ञाच्या जागी उभा आहे. कडवटपणा काढून टाकण्याच्या राळ-आधारित पद्धती उपलब्ध आहेत, कमी बियांच्या निवडींवर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत काम झाले आहे. परंतु त्यांचा खर्च चुरी फळाच्या भावात बसतो की नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या उपक्रमाने पहिल्या दिवशी सोडवावयाचा असतो, उद्घाटनानंतर नव्हे.

सर्वांत कठीण प्रकरण पाण्याचे आहे, कारण तेथे चिकाटी हाच दोष होऊन बसतो. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या सर्वेक्षणांत अतिशोषित वर्गात मोडले गेले आहेत. बाग वाळू लागली की बागाईतदार विहीर खोल करतो, त्यात आडवे बोर घेतो, मग नवी कूपनलिका. त्याच्या बाजूने पाहता हे पूर्णपणे विवेकी आहे: दहा वर्षांची बाग एका उन्हाळ्यात जाऊ देण्यापेक्षा कर्ज काढून पाणी आणणे स्वस्त. झालेला खर्च बुडालाच असे मानून पुढचाच हिशेब करावा, हा अर्थशास्त्राचा नियम लावला तरी उत्तर बहुधा हेच येते, कारण उभ्या बागेपासून पुढे मिळणारे उत्पन्न एका कूपनलिकेच्या खर्चाहून मोठे असते. पण खालचे पाणी एकच आहे. एकाची कूपनलिका खोल गेली की शेजाऱ्याची कोरडी पडते, आणि तोही तितकाच चिवट असतो. ज्या सद्गुणाने एकेक बाग वाचते त्याच सद्गुणाने सर्वांचे पाणी संपते. येथे ज्याने बाग काढून टाकली त्याला गाव हरलेला समजते, वस्तुतः त्याने शेजाऱ्यांसाठी पाणी सोडलेले असते. त्याचा मोबदला मात्र त्याला कोणत्याही व्यवस्थेत मिळत नाही.

बाजाराच्या बाजूनेही अलीकडे असाच एक प्रसंग आला. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. त्याने आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेले. निर्यात कोसळली, देशी बाजारात फळ साचले, आणि राज्य शासनाने शुल्काच्या निम्म्या, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदान जाहीर केले. हे शुल्क कोणत्या बागाईतदाराच्या चुकीने लागलेले नव्हते, आणि कोणाच्या चिकाटीने ते उतरणारही नव्हते. त्या हंगामात ज्यांनी सौदा फुलावरच केला होता त्यांच्यापैकी काहींना इसारावर समाधान मानावे लागले. ज्यांनी फळ झाडावर राखले त्यांना भावाची वाट पाहताना फळगळ सोसावी लागली. आणि ज्या थोड्यांनी फळाची प्रतवारी करून, मेण लावून, पेटीत भरून ते दूरच्या देशी बाजारांत पाठवण्याची व्यवस्था आधीच उभारली होती, त्यांना दुसरा गिऱ्हाईक शोधण्यास अवधी मिळाला. शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांत पुढच्या पावसाळ्यासाठी जंबेरीच्या खुंटावर डोळे भरण्याचे काम त्या वर्षीही चालू राहिले.